शोथ आणि त्वचेतील कोलाजेननिर्मिती

जखम, भाजणे किंवा संसर्ग झाल्यावर त्वचेला दाहयुक्त सूज येते, तिला शोथ म्हणतात. शोथात स्रवणारी संकेतद्रव्ये अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट या तंतुजनक पेशींनी कोलाजेन हे त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन किती बनवायचे हे ठरवतात. ‘सूज आली की कोलाजेन घटते’ हा समज अपुरा आहे. टीजीएफ-बीटा हे संकेतद्रव्य स्मॅड प्रथिनांमार्फत कोलाजेनची जनुके चालू करते व कोलाजेन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा निर्मिती दाबतात. इंटरल्यूकिन-४ व १३ ती वाढवतात.

इंटरल्यूकिन-१ विषयी मतभेद आहेत. काही प्रयोगांत वाढ आढळली, काहींत घट. या द्रव्यामुळे पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ सोडतात आणि ते कोलाजेन रोखते. इंडोमेथासिन या दाहशामक औषधाने प्रोस्टाग्लँडिन थांबवल्यास कोलाजेनमध्ये वाढ दिसू लागते. विरोधाचा उलगडा बहुधा इथेच आहे, त्यामुळे इंडोमेथासिन वापरले होते की नाही हे पाहिल्याशिवाय दोन निष्कर्षांची तुलना करू नये.

पेशीसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवताना, फसगत सहज होते. पेशींच्या पोषणासाठी घालतात त्या सीरममध्ये (रक्तापासून काढलेल्या द्रवात) टीजीएफ-बीटा मुळातच असते, म्हणून पेशी आधी सुमारे २४ तास अत्यल्प सीरममध्ये ठेवतात आणि मग मिलिलिटरला १ ते १० नॅनोग्रॅम संकेतद्रव्य देतात. सोबत मिलिलिटरला सुमारे ५० मायक्रोग्रॅम क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर कोलाजेनमधील प्रोलिन या अमिनो आम्लाचे हायड्रॉक्सिलीकरण अपुरे राहते व कोलाजेनची तिपेडी साखळी टिकत नाही. जनुक चालू दिसते, पण संवर्धनाच्या द्रवात कोलाजेन सापडत नाही. हे जीवनसत्त्व द्रवात लवकर नासते, म्हणून रोज ताजे घालावे.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळावरील भाजण्यात शोथ आणि कोलाजेनच्या या नात्याचा प्रत्यय येतो. काहील (गुळाची मोठी कढई) उतरवताना पाक सुमारे ११८° से. तापलेला असतो. तो अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे भाजणे खोल जाते, आणि ओरबाडून काढल्यास कातडीही निघते. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेत शोथ रेंगाळतो व व्रण जाड, उंचवटलेला होण्याची शक्यता वाढते. अशा व्रणात ट्रायॲमसिनोलोन हे शोथ दाबणारे स्टिरॉइड (मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम) टोचतात. सुई व्रणाखाली गेली तर चरबी झिजून खळगा पडतो.

सांगलीच्या हळदीतील कर्क्युमिन पेशीसंवर्धनात शोथसंकेत दाबते खरे, पण तिथे ते शुद्ध व विरघळवलेले असते. हळदपूड निर्जंतुक नसते आणि कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भाजलेल्या जागी हळद थापू नये, २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे.