खाशाबा पहिल्यांदा मॅटवर उतरले ते हेलसिंकीत? नाही!

तांबड्या मातीत घुमणारा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा थेट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेला, आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला आणि कांस्यपदक घेऊन आला, असं कुस्तीपटू खाशाबा जाधवांबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला झकास आहे, पण खरं नाही. उलट त्यामुळे त्यांची मधली चार वर्षांची मेहनतच पुसली जाते.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना, १९४८ साली, खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले होते. फ्लायवेट या वजनगटात, फ्रीस्टाइल कुस्तीत, ते सहावे आले. मातीत पाय रुतवून जोर लावता येतो. मॅटवर तो आधार मिळत नाही, शिवाय कुस्ती चीतपट झाली नाही तर निकाल पंचांच्या हाती जातो. हे सगळं त्यांनी तिथं अंगावर घेतलं. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथं मॅटवरचे डाव शिकवले.

पुढे १९५२ साली ते एक गट वर, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये खेळले. ते हरले ते जपानच्या शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव यांच्याकडून. त्या दोघांनीच अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य जिंकलं.

त्यांचं हे कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. ‘भारताचं पहिलं पदक’ म्हणणंही चूकच, कारण हॉकीची सुवर्णपदकं १९२८ पासूनची आहेत.