उरलेल्या जागेवरची तलवार

रत्नागिरीत शालेय तलवारबाजी बघायला आलेल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "लागत नाही ना?" दुसरा, "म्हणजे आपला दांडपट्टाच ना हा?" लागतं थोडं. दंडावर वळ उठतो आणि दोन दिवसांत जातो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र 'नाही' म्हणावं लागतं आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून तर हा गोंधळ वाढलाच आहे. या खेळात तीन शस्त्रं आहेत: फॉइल, इपी आणि सेबर. त्यातली सेबर ही युरोपातल्या घोडदळाच्या वाकड्या तलवारीची नात. हंगेरीत ती रुजली, इटालियन उस्तादांनी हलकी केली. कमरेखाली वार करायचा नाही हा नियम घोड्याला इजा होऊ नये म्हणून आला, असं सांगतात. मला ती गोष्ट फारशी पटलेली नाही. आपलं म्हणायचंच तर उलट्या बाजूने म्हणता येईल. मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारींची पाती युरोपात घडलेली असत आणि पोर्तुगीजांच्या हातून याच किनाऱ्यावर उतरत.

आजची सेबर फार तर 500 ग्रॅम वजनाची आणि 105 सेंटिमीटर लांब. लढत 14 मीटरच्या पट्टीवर. फॉइल आणि इपीत टोकाने भोसकायचं. सेबरमध्ये धारेने कापलेलंही चालतं, म्हणून हा प्रकार सगळ्यांत वेगवान. पहिला वार लागल्यानंतर सेकंदाच्या जेमतेम सहाव्या हिश्शात दुसऱ्याचाही लागला, तर वार नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्रावर दोघांचेही दिवे पेटतात. मग पंच ठरवतो की चाल कोणाची होती. ज्याने आधी चढाई सुरू केली त्याला गुण, पण समोरच्याने ती नीट अडवली की हक्क त्याच्याकडे. पट्टीच्या कडेला बसलेल्या आई-बाबांना नेमकं इथेच काही कळेनासं होतं. "आमच्या हिचापण दिवा लागला होता!" हे वाक्य एका दिवसात मी दहादा तरी ऐकते.

पुरुषांची सेबर 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे. बायकांना ती 2004 मध्ये, अथेन्सला मिळाली. तिथलं सुवर्ण अमेरिकेच्या मॅरिएल झागुनिसने जिंकलं. खरं तर ती पात्रतेत थोडक्यात हुकली होती. नायजेरियाने आपली खेळाडू पाठवली नाही, जागा रिकामी झाली आणि ती झागुनिसला मिळाली.

त्याच 2004 साली चेन्नईच्या एका शाळेत मुलींना खेळ निवडायला सांगितलं. पुढे ऑलिंपिकला गेलेल्या सी. ए. भवानी देवीची पाळी येईपर्यंत बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या. उरली होती तलवारबाजी. नाव भवानी आणि हातात तलवार, आपल्याकडच्या मथळ्यांना आणखी काय हवं? पण वडील पुजारी, घरात तलवार वगैरे काही नाही. सुरुवातीला सराव बांबूच्या काठ्यांनी, कारण विजेवर चालणारी तलवार महाग. ती स्पर्धेसाठी जपून ठेवायची. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे तीन मिनिटं उशीर झाला म्हणून ब्लॅक कार्ड. सामना न खेळताच बाहेर.

बांबूचं महत्त्व कोकणात लवकर कळतं. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पातं दोन दिवस पुसलं नाही की गंजाचे ठिपके धरतं. वर घालायचं धातूच्या तारांचं लामे जॅकेट घामाने हिरवट पडतं, आणि असा डाग पडला की तिथे वीज जात नाही. वार लागला तरी दिवा पेटत नाही. जुलैत आमच्या हॉलमध्ये लढतीपेक्षा पॉलिश पेपर, तेल आणि मल्टिमीटर यांतच जास्त वेळ जातो. जॅकेट कोमट पाण्यात बुचकळायचं, पिळायचं नाही, पंख्याखाली आडवं पसरायचं.

पुढे भवानी केरळात थलश्शेरीच्या साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात गेली. प्रशिक्षक सागर लागू. आडनाव ऐकून आमच्याकडे कोणी ना कोणी "कुठले हो?" विचारतोच. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता थलश्शेरी येतं. मराठी माणसाचा त्या गावाशी संबंधही जुना. एकोणिसाव्या शतकात विष्णुपंत छत्रे आपली सर्कस घेऊन तिथे गेले आणि त्यांच्यामुळे कीलेरी कुन्हिकण्णन या कळरीच्या, म्हणजे केरळच्या युद्धकलेच्या गुरूने सर्कशीसाठी मुलं तयार करायला घेतली. तलवारबाजीशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग इटलीत लिव्होर्नोला निकोला झानोत्तींकडे सराव. 2016 चं रिओ ऑलिंपिक हुकलं. मार्च 2021 मध्ये बुडापेस्टच्या विश्वचषकात सांघिक लढतीत दक्षिण कोरियाने हंगेरीला हरवलं, आणि त्या निकालाने आशिया-ओशनियाच्या वाट्याची एक वैयक्तिक जागा मोकळी झाली. क्रमवारीत 45 वी असलेली भवानी तिथून टोकियोला गेली. ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय तलवारबाज. पुन्हा उरलेलीच जागा. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीवर 15-3 असा विजय, मग फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 अशी हार. ब्रुनेने तिथे कांस्य घेतलं. भवानीने मात्र ट्विटरवर देशाची माफी मागितली. माफी कशाची, मला अजून कळलेलं नाही.

2023 मध्ये चीनमधल्या वूशीत आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत तिने विश्वविजेत्या मिसाकी एमुराला 15-10 ने हरवलं. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या झायनाब दायिबेकोवाकडून 14-15, म्हणजे एका वाराने गेली. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक मात्र आलं, कांस्य. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा एकही तलवारबाज गेला नाही.

आमच्या हॉलमधल्या मुलींना विचारलं, तलवारबाजीत कशी आलीस, की बहुतेकींचं उत्तर एकच असतं: "कबड्डीच्या टीममध्ये जागा नव्हती, बाई."