स्पॉट रंगांची बदली : प्लेट निघण्यापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

आपल्या फाइलमधील स्पॉट रंग तसाच ठेवायचा, दुसऱ्या शाईत वळवायचा की चाररंगी करायचा, हा निर्णय प्लेट, म्हणजे प्रत्येक शाईसाठीचा छपाईचा पत्रा, निघण्यापूर्वीच झालेला असावा लागतो. तो निर्णय आपल्याला नीट समजून घेता यावा, यासाठी आम्ही हे पत्रक तयार केले आहे.

चाररंगी छपाईत सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा या चार (सीएमवायके) शाईंच्या बारीक ठिपक्यांतून इतर सर्व रंगांचा भास निर्माण केला जातो. स्पॉट रंग म्हणजे मात्र आधीच मिसळून तयार केलेली एक स्वतंत्र शाई असते आणि तिला स्वतःची प्लेट लागते. अशा तयार रंगांना क्रमांक देणारी पॅन्टोन पद्धत १९६३ साली आली आणि आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक फाइलींत तिचेच क्रमांक असतात.

पीडीएफमध्ये स्पॉट रंगासोबत तीन गोष्टी साठवलेल्या असतात : शाईचे नाव, ती शाई उपलब्ध नसल्यास वापरायचा पर्यायी रंग, आणि फिक्या-गडद छटांसाठी त्या पर्यायाचे गणित. पडद्यावर आपल्याला दिसतो तो बहुधा हा पर्यायी रंगच असतो. प्लेटसाठी फाइल वाचणारी रिप प्रणाली मात्र आधी नाव पाहते. त्या नावाची शाई कामात धरलेली असेल, तर साधारणपणे वेगळी प्लेट निघते. नसेल, तर रिपच्या कोष्टकात ते नाव शोधून तेथे नोंदवलेले माप घेतले जाते. आणि तेथेही ते सापडले नाही, तर फाइलमधला पर्यायी रंग वापरला जातो. त्यामुळे एकच फाइल दोन ठिकाणी दोन वेगळ्या रंगांत छापली जाऊ शकते, आणि तरीही फाइलमध्ये चूक म्हणून दाखवता येईल असे काही नसते.

नाव अक्षराला अक्षर जुळावे लागते, हे आम्ही आग्रहाने सांगतो. एका वेष्टनाच्या कामात मजकुराचा लाल रंग ‘पॅन्टोन १८५ सी’ होता, तर जुन्या फाइलमधून आणून बसवलेल्या बोधचिन्हात तोच लाल ‘पॅन्टोन १८५ सीव्हीसी’ या जुन्या नावाने नोंदवलेला होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसत होते. सेपरेशन, म्हणजे प्रत्येक शाईची स्वतंत्र प्लेट, तपासताना आम्ही लाल प्लेट बंद केली, तेव्हा मजकूर नाहीसा झाला आणि बोधचिन्ह मात्र जागेवरच राहिले. म्हणजे एकाच शाईच्या दोन प्लेट निघणार होत्या. अशा वेळी सॉफ्टवेअरमधील शाईंच्या यादीत, म्हणजे इंक मॅनेजरमध्ये, एका नावाला दुसऱ्याचे उपनाव करून दोन्ही एकाच प्लेटवर आणता येतात आणि मूळ मांडणीला हात लावावा लागत नाही. ‘सी’ आणि ‘यू’ या अक्षरांबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा. ती चकचकीत लेपाचा कागद आणि बिनलेपाचा कागद यांच्यावरचे रूप दाखवतात. शाई एकच असते. त्यामुळे खऱ्या शाईने छापायचे असेल, तर ही दोन नावे निर्धास्तपणे एकत्र करता येतात, परंतु रंग चाररंगी करायचा असेल, तर दोघांची पर्यायी मापे वेगळी असतात आणि कागद पाहूनच त्यांतले एक निवडावे लागते.

चाररंगी बदलीत काय हातचे जाते, हेही आधी माहीत असावे. ‘ऑरेंज ०२१’ किंवा ‘रिफ्लेक्स ब्लू’ यांच्यासारखे तेजस्वी रंग चार शाईंत मंद पडतात. ‘८७७’ ही चंदेरी शाई आणि ८०१ ते ८०७ या क्रमांकांचे निऑन रंग तर चार शाईंतून मिळतच नाहीत. बारीक अक्षरे दोन-तीन प्लेटवर विभागली गेली, तर जुळणी केसभर हलताच त्यांच्या कडा अस्पष्ट होतात, म्हणून छोट्या मजकुरासाठी स्पॉट प्लेट राखून ठेवण्याचा सल्ला आम्ही देतो. बदली करायचीच असेल, तर फाइलमधली तयार सीएमवायके टक्केवारी वापरण्यापेक्षा रंगाचे लॅब माप (शाईवर किंवा यंत्रावर न अवलंबणारे, डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे माप) घेऊन ते प्रत्यक्ष कागदाच्या प्रोफाइलनुसार (त्या कागदावर रंग कसे उमटतात त्या नोंदीनुसार) रूपांतरित करणे आम्हांला अधिक भरवशाचे वाटते. जुन्या सॉफ्टवेअरमधील रंगपुस्तके (तयार रंगांच्या याद्या) सीएमवायके मापे देत, नंतरची लॅब मापे देऊ लागली, आणि २०२२ च्या अखेरीस अडोबीने बहुतेक पॅन्टोन पुस्तके आपल्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकली. त्यामुळे क्रमांक एकच असूनही दोन फाइलींतले पर्यायी रंग वेगळे निघू शकतात.

काही स्पॉट नावे रंगाची नसतातच. डायची रेषा (कापण्याची किंवा घडीची खूण), स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच दिला जाणारा चकचकीत थर) आणि पारदर्शक फिल्मवरचा पांढरा थर या तांत्रिक प्लेट असतात आणि त्यांची बदली कधीही करू नये. ‘सर्व स्पॉट रंग चाररंगी करा’ ही एक खूण केली, की डायची रेषाही छापली जाते. या रेषेला आणि यूव्हीच्या थराला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणे) लावलेले असणे आवश्यक आहे, अन्यथा खालच्या चित्रात त्यांच्याच आकाराची कोरी जागा पडते. ओव्हरप्रिंट किंवा पारदर्शकता असलेला स्पॉट रंग चाररंगी केल्यावर खालच्या रंगाशी वेगळ्या तऱ्हेने मिसळू शकतो, म्हणून बदलीनंतर तो भाग आम्ही पुन्हा तपासतो.

आपण आम्हांला शक्यतो पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रमाणित प्रकार) फाइल पाठवावी, तीत पारदर्शकता शाबूत राहते. आणि प्रत्येक स्पॉट नावापुढे ‘तसाच ठेवा’, ‘अमुक शाईत वळवा’ किंवा ‘चाररंगी करा’ असे लिहून द्यावे. चाररंगी प्रूफवर (छपाईपूर्वीच्या नमुन्यावर) दिसणारा स्पॉट रंग हा केवळ जवळपासचा असतो. खऱ्या शाईची छटा शेड कार्डावर (शाईंच्या छटांच्या छापील नमुन्यांवर), ५००० केल्विनच्या प्रमाणित प्रकाशात पाहावी. फार वापरलेले, पिवळसर पडलेले कार्ड त्यासाठी घेऊ नये. प्रूफसोबत आम्ही निघणाऱ्या सर्व प्लेटच्या नावांची यादी देतो. सही करण्यापूर्वी, चित्र पाहण्याच्याही आधी, ती यादी वाचावी आणि अनोळखी नाव दिसल्यास काम तेथेच थांबवण्यास आम्हांला सांगावे.