आत्याची निळी पैठणी कागदावर जांभळी का झाली?

आत्याच्या पंचाहत्तरीला तिने तिची येवल्याची निळी पैठणी नेसली होती. फोटो मी मोबाइलवर काढला आणि रात्री घरच्याच प्रिंटरवर, चांगल्या ग्लॉसी कागदावर छापला. कागद बाहेर आला तेव्हा साडी जांभळी, चेहरा काळपट आणि नथीतले मोती पिवळट. घरात निदान तिथल्या तिथे झालं: "शाई डुप्लिकेट लागलेली दिसते."

शाई अस्सल होती आणि प्रिंटरही ठणठणीत होता. तरी हे निदान मी इतक्या घरांत ऐकलं आहे, आणि त्यापायी चांगल्या शाईच्या बाटल्या बदलून आणलेल्या पाहिल्या आहेत, की हा विषय एकदा नीट मांडावासा वाटला.

सुरुवात मोबाइलपासून करू. पडद्यावर पांढरं पान उघडा आणि बोट ओलं करून पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंबाचं भिंग होतं आणि आत लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. पांढरा कुठेच नाही. तो आपल्या डोळ्यात तयार होतो, कारण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात आणि तिन्ही सारख्या चेतवल्या की मेंदू त्याला पांढरा म्हणतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली तीन दिव्यांचे झोत एकावर एक टाकून हेच दाखवलं होतं. मोबाइलमधल्या फोटोत प्रत्यक्षात रंग नसतोच, आकडे असतात: लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका, प्रत्येकी ० ते २५५. पडदा त्या आकड्यांप्रमाणे दिवे लावतो.

कागदाकडे स्वतःचा उजेड नाही. खोलीतला उजेड तो परत पाठवतो आणि शाई वाटेत त्यातला काही भाग खाऊन टाकते. सायन नावाची आकाशी शाई लाल खाते, मॅजेंटा म्हणजे आपला राणी रंग हिरवा खातो, पिवळी शाई निळा खाते. जे उरतं ते आपल्याला दिसतं. पडद्यावर रंगांची बेरीज होते, तर कागदावर वजाबाकी. नाशिककरांना हे शास्त्र परकं वाटू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या व्यवसायात होते आणि रंगीत छपाईचं तंत्र पाहायला १९०९ साली थेट जर्मनीला गेले होते.

आता पैठणीच्या निळ्याकडे या. कागदावर निळा हवा असेल तर पांढऱ्या उजेडातला लाल आणि हिरवा काढून टाकायचा, म्हणजे सायन आणि मॅजेंटा एकावर एक द्यायच्या. पुस्तकात हे बरोबर जमतं. प्रत्यक्षात शाईचे रेणू इतके शिस्तीचे नसतात. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये घड साफ करायला दोघी बसल्या आहेत असं समजा. एकीने फक्त बारीक मणी काढायचे, दुसरीने फक्त तडकलेले. पण घाईत दोघींच्याही कात्रीने थोडे चांगले मणी जातात. दोघींच्या हाताखालून गेलेला घड पेटीत पडतो तेव्हा तो अपेक्षेपेक्षा बराच हलका भरतो. सायन शाई लालबरोबर थोडा हिरवा आणि थोडा निळाही खाते. मॅजेंटा हिरव्याबरोबर निळ्याचा चांगलाच लचका तोडते. जो निळा राखून ठेवायचा, त्यालाच दोन्ही शाया कुरतडतात. उरतो तो गडद, मंद आणि मॅजेंटाच्या बाजूला झुकलेला निळा.

हा फरक मोजताही येतो. रंगांचा हिशेब ठेवण्यासाठी प्रकाश आणि रंगांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली लॅब नावाची मोजपट्टी ठरवली. करड्यापासून एखादा रंग किती दूर आहे, म्हणजे किती तजेलदार आहे, ते तिच्यावर आकड्यात सांगता येतं. पडद्याच्या नेहमीच्या मानकातला भरपूर निळा या मोजपट्टीवर १३० च्या आसपास भरतो. मासिकांच्या ऑफसेट छपाईत सायन आणि मॅजेंटा पूर्ण दिली तरी मिळणारा निळा ५० च्या घरात राहतो. फोटोच्या प्रिंटरची चांगली शाई आणि ग्लॉसी कागद यांची मजल थोडी पुढे जाते, पण पडद्यापर्यंत पोचत नाही. मोबाइल 'व्हिविड' मोडवर असेल तर मुळातला रंगच त्याने फुगवून दाखवलेला असतो. मग कागदाकडून केलेली अपेक्षा आणखी अवास्तव होते.

जो रंग छापताच येत नाही, त्याच्या जागी संगणकाला जवळचा दुसरा रंग शोधावा लागतो. या विषयात मला सगळ्यात जास्त गोडी या टप्प्याची आहे, म्हणून थोडं खोलात जातो. सरळ उपाय असा: रंगाची जात तीच ठेवायची, निळा तो निळाच, आणि तजेला कमी करत करत छापता येईल अशा जागी यायचं. लॅबच्या नकाशात मधोमध करडा असतो आणि प्रत्येक रंग त्याच्याभोवती एका विशिष्ट कोनात. तेव्हा कोन न बदलता मध्याकडे सरकलं की काम झालं, असं वाटतं. पिवळ्याला, हिरव्याला हे बऱ्यापैकी चालतं. निळ्याच्या मुलखात मात्र नकाशाच वाकडा आहे. तिथे कोन कायम ठेवून मध्याकडे चालत गेलात, तर डोळ्याला वाटेत निळा जांभळा होताना दिसतो. डोळ्याच्या दृष्टीने निळाच राहायचं तर सायनच्या बाजूला वळत जावं लागतं. असं का व्हावं? ही मोजपट्टी मुळात शेजारशेजारच्या दोन छटांमधला बारीक फरक मोजायला बांधलेली आहे. लांबच्या प्रवासात निळ्याकडे तिची चूक साठत जाते. म्हणजे आत्याच्या साडीला जांभळेपणा दोन वाटांनी आला, एक शाईच्या रेणूंतून आणि दुसरा रूपांतराच्या गणितातून. यात डुप्लिकेट काहीच नव्हतं.

हे गणित ज्या तक्त्यात असतं त्याला कलर प्रोफाइल म्हणतात. ते सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावं म्हणून १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था काढली. प्रोफाइल म्हणजे दुभाषी समजा, पण तो प्रत्येक शाई-कागदाच्या जोडीसाठी वेगळा असतो. तीच शाई साध्या झेरॉक्सच्या कागदात शोषली जाते, पसरते आणि मळकी दिसते. ग्लॉसी कागदाच्या लेपात ती वरच्या थरात थांबते. म्हणून प्रिंटच्या खिडकीत कागदाचा प्रकार निवडायला सांगतात. मी त्या रात्री तो 'प्लेन पेपर' असाच राहू दिला होता. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की फोटोच्या सॉफ्टवेअरनेही रंगांचं रूपांतर केलं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरनेही, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामनेही. एका दुभाष्याने मराठीचं कानडी केलं आणि दुसऱ्याने ते कानडी मराठीच समजून पुन्हा त्याचं कानडी केलं, तर जे होईल ते आत्याच्या चेहऱ्याचं झालं. रूपांतर एकाच ठिकाणी व्हायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल निवडणार असाल तर ड्रायव्हरमधलं रंग-नियंत्रण आणि 'फोटो एन्हान्स'सारख्या सगळ्या मेहेरबान्या बंद करा.

चेहरा काळपट येण्याचं आणखी एक कारण तर अगदीच साधं आहे आणि तेच बहुतेकांना नडतं: पडदा फार प्रखर ठेवलेला असतो. त्याच्याशी स्पर्धा करायला कागदाकडे दिवाच नाही. एक प्रयोग करा. दिवसा खिडकीजवळ, पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी बसा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा ब्राइटनेस उतरवा. माझ्या लॅपटॉपला तो निम्म्याच्याही खाली आणावा लागला. मग तोच फोटो पाहिला तर पडद्यावरही काळपटच होता. प्रिंटरने काही लपवलेलं नव्हतं. त्या पडद्यावर बघून फोटो उजळवला आणि मग छापला.

आता उजेडाकडे. साडीच्या दुकानात बायका कापड दाराशी नेऊन उन्हात बघतात. दुकानदार कितीही म्हणाला "ताई, हाच रंग आहे," तरी नेतात, आणि त्यांचं अगदी बरोबर असतं. दोन वस्तू एका उजेडात हुबेहूब सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. रेशमाचा रंग वेगळ्या रसायनाचा, प्रिंटची शाई वेगळ्या रसायनाची. डोळ्यातल्या तीन पेशींना दोन्हींकडून सारखा निरोप गेला तर जुळणी झाली, पण तो निरोप उजेडात काय काय आहे त्यावर ठरतो. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं एक टोकदार शिखर, त्यापुढे एक खळगा आणि मग पिवळ्याचा पसरट उंचवटा असतो. दिवसाचा उजेड इतका खडबडीत नसतो. म्हणून रात्री ट्यूबखाली काढलेल्या प्रिंटवर रात्रीच निकाल देऊ नये. शाई वाळतानाही रंग किंचित बदलतो, त्यामुळे सकाळपर्यंत थांबलेलं दुहेरी फायद्याचं.

कागदाचा पांढरेपणाही उजेडावर अवलंबून असतो. बहुतेक कागदांत, आणि कपडे धुण्याच्या पावडरीतही, अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकणारी द्रव्यं मिसळलेली असतात. पूर्वी आपण नीळ घालायचो, तसाच परिणाम. एलईडीत अतिनील जवळजवळ नसल्यामुळे तोच कागद घरात पिवळट वाटतो. नथीतल्या मोत्यांचा उलगडा तिथे झाला, कारण प्रिंटमध्ये पांढऱ्या रंगाची शाई नसते. मोती म्हणजे उघडा कागदच. बँकेतल्या अतिनील दिव्याखाली साधा कागद निळा चमकतो, खऱ्या नोटेचा कागद मात्र काळोखा राहतो, कारण त्यात ही द्रव्यं घालत नाहीत. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. एखाद्या नोटेवर भिंग धरून बघा. आपल्या फोटोत चार रंगांचे ठिपके दिसतात, तिथे अखंड बारीक रेघा दिसतील. प्रत्येक रेघेसाठी हवी ती छटा आधीच घोटून तयार केलेली असते. ठिपक्यांची मिसळ करायची नसेल, तर आपण वर पाहिलेल्या निळ्याच्या अडचणी बऱ्याच टळतात.

रंगाच्या या अज्ञानावर काही लोक धंदाही करतात. प्रदर्शनांमधून 'ऑरा'चा फोटो काढून देतात. माणसाभोवती जांभळं-हिरवं वलय छापलेला कागद हातात ठेवतात आणि त्यावरून स्वभाव आणि आजार सांगतात. असे कॅमेरे तळहाताखालच्या पट्ट्यांवर त्वचेची विद्युतवाहकता मोजतात आणि ठरवून ठेवलेल्या कोष्टकाप्रमाणे सॉफ्टवेअर रंग भरतं. हात घामट असेल तर वलय बदलतं. आजाराचं निदान त्या कागदावरून कोणी करून घेऊ नये, ही कळकळीची विनंती. प्रिंटरच्या खोक्यावरचे 'खरेखुरे रंग' हे शब्दही तितपतच धरावेत.

तर आत्याचा फोटो मी पुन्हा छापला. कागद ग्लॉसी निवडला, रूपांतर एकदाच होऊ दिलं, पडदा उतरवला आणि निळ्याचा तजेला आधीच थोडा कमी करून त्याला हाताने किंचित सायनकडे ढकललं. तिसरी प्रत रात्रभर वाळू दिली आणि सकाळी पैठणीसोबत आत्यापुढे ठेवली. ती दोन्ही घेऊन गॅलरीत गेली. साडी निळीच होती, चेहरा तिचा होता. मग तिने सवयीने पदर तिरका केला, त्यातून हिरवी झाक उमटली, आणि तसाच फोटोही तिरका करून पाहिला. तिच्या पैठणीत ताणा निळा आणि बाणा हिरवा आहे. कोन बदलला की एक धागा मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. ही धूपछाव माझ्या कागदावर येणं शक्य नव्हतं, तिथे कॅमेऱ्याच्या कोनातून दिसला तेवढाच रंग बसला होता. मी तिला पाचशेची नोट दाखवली. ती हलवली की आतली सुरक्षा-पट्टी हिरव्याची निळी होते. आत्याने नोट दोन-तीनदा तिरकी करून पाहिली, मग पदर पाहिला आणि म्हणाली, "आमच्या येवल्यात हे हातमागावर करतात."