घाट बंद (नाशिकची पावसाळी रेल्वे वाहतूक)

घाट बंद : अतिवृष्टी, दरड, पूर किंवा वादळामुळे कसारा व इगतपुरीदरम्यानच्या थळ घाटातील रेल्वे वाहतूक थांबली, की नाशिककर प्रवासी तिला दिलेले नाव. मुंबईला रोज अपडाऊन करणाऱ्यांच्या तोंडी याचा अर्थ बराच सैल आहे. माती आटगावला रुळावर आलेली असो, पाणी टिटवाळ्याला भरलेले असो की ओव्हरहेड वायर वासिंदला तुटलेली असो, नाशिकरोडच्या फलाटावर ‘घाट’च बंद असतो. भूगोलाच्या दृष्टीने हे चूक. पण घाटाच्या खाली काहीही बिघडले तरी गाड्या वरच्या वर, इगतपुरीला नाहीतर नाशिकरोडला, धरून ठेवतात. त्यामुळे प्रवाशाच्या लेखी दोन्ही सारखेच.

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला गोदावरीचा पूर आठवतो. शहरात पुराची उंची फुटांत नव्हे, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला आले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडाच्या परिसरातली टपरीवाली मंडळी सामान उचलू लागतात आणि पूल बघ्यांनी भरून जातात. २००८, २०१६ आणि २०१९ साली असे मोठे पूर आले. या सगळ्याचा रेल्वेशी संबंध मात्र थोडाच. नाशिकरोड स्थानक गोदाघाटापासून आठ-नऊ किलोमीटर दूर आहे आणि मनमाडकडे जाणारी गाडी गोदावरी ओलांडते ती शहरात नव्हे, ओढा स्थानक सोडल्यावर. मारुतीच्या खांद्याला पाणी लागलेले असताना नाशिकरोडहून गाड्या बिनबोभाट सुटू शकतात. उलट शहरात नुसती भुरभुर असताना मुंबईच्या सगळ्या गाड्या रद्द झाल्याचेही अनेकदा घडते. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, निफाडकडे त्याहून कमी. तासाभराच्या अंतरावरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या वर जातो. नाशिकच्या रेल्वेचे वेळापत्रक ठरवतो तो हा दुसरा पाऊस.

थळ घाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या ब्रॉडगेज मुख्य मार्गांवर सर्वांत तीव्र समजल्या जाणाऱ्यांपैकी. म्हणून चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात आणि ती इगतपुरीला सोडवून घेतात. बोगदे, कमानीचे पूल आणि डोंगर कापून केलेल्या खिंडी यांतून हा मार्ग जातो. इथला कातळ म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर : कठीण काळा दगड, मध्येच मऊ, लालसर किंवा सच्छिद्र थर, पुन्हा काळा दगड. पाणी भेगांतून आत शिरते, मऊ थर भुसभुशीत होतो आणि त्याच्यावर टेकलेला दगड एक दिवस निराधार होतो. पहिल्याच सरीला दरड येते असे नाही. सलग दोन-तीन दिवस संततधार लागल्यावर डोंगर पाणी पिऊन जड झालेला असतो, तेव्हा धोका जास्त.

यावरचे उपाय निम्मे यंत्राचे, निम्मे पायांचे. पावसाळ्याआधी कड्यांची पाहणी होते, सैल झालेले दगड पहारींनी आपणच खाली पाडले जातात, लोखंडी जाळ्या लावतात, डोंगराच्या बाजूची गटारे मोकळी करतात. पावसाळा लागला की गस्त सुरू होते. गस्तीवाल्याच्या अंगावर रेनकोट, हातात लाल-हिरवा दाखवणारा दिवा, खांद्याच्या पिशवीत लाल झेंडा आणि फटाक्यांची डबी. हे फटाके चपटे, गोल, पत्र्याचे असतात. रुळावर पट्टीने बांधून ठेवायचे. गाडीचे चाक वरून गेले की मोठा बार होतो आणि पुढे धोका आहे हे चालकाला कळते. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नसेल, दिवा दिसेलच याची खात्री नसेल, तेव्हा हा बारच कामाचा. गस्तीवाला आपली हद्द चालून दुसऱ्या टोकाच्या गस्तीवाल्याला भेटतो, दोघे वह्यांची अदलाबदल करतात आणि परत फिरतात. वहीतली वेळ हाच चालल्याचा पुरावा. उपग्रहावरून गाड्यांची जागा कळण्याच्या दिवसांत ही पद्धत जुनाट वाटेल, पण रुळाखालची खडी सरकलेली आहे की नाही हे बघायला अजूनही कोणाला तरी चालत जावे लागते.

घाट उतरल्यावर संकटाची जात बदलते. कसारा ते कल्याण या पट्ट्यात भातसा, काळू आणि उल्हास या नद्या, त्यांना मिळणारे ओढे आणि अलीकडच्या वस्त्यांनी आक्रसलेले नाले आहेत. पाणी रुळावर आले की आधी सिग्नल यंत्रणा दगा देते. रुळांतून वाहणाऱ्या सौम्य विद्युतप्रवाहावर गाडी कुठे आहे हे ठरत असते. पाण्याने त्यात गोंधळ झाला की रिकामा मार्गही भरलेला दिसतो आणि सिग्नल लाल होतो. यंत्रणेची रचनाच तशी आहे : शंका आली की थांबवायचे. मग रुळांचे सांधे बदलणाऱ्या मोटारींत पाणी जाते. लोकलच्या मोटारी डब्याखाली असल्याने पाणी आणखी वाढले तर लोकलही नेता येत नाही. सर्वांत वाईट म्हणजे पाणी वाहते असेल, तर ते खडी घेऊन जाते आणि रूळ स्लीपरांसकट (खालच्या आडव्या आधारांसकट) हवेत लोंबकळत राहतात. पाणी ओसरले की गाड्या लगेच का सोडत नाहीत, या नेहमीच्या चिडक्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईचीच रेल्वे ठप्प झाली. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटेनंतर नागपूर–मुंबई दुरांतोचे इंजिन व नऊ डबे आसनगाव–वासिंददरम्यान घसरले. मुसळधार पावसात रुळावर माती आली होती. प्राणहानी झाली नाही. जुलै २०२१ मध्ये कसाऱ्याजवळच्या उंबरमाळी स्थानकात फलाटाच्या कडेपर्यंत पाणी चढले आणि त्याच रात्री घाटात दरडी आल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पुरात अडकली. ती घटना कोल्हापूरच्या मार्गावरची असली तरी नाशिककरांनाही चांगली आठवते, कारण नदी तीच, उल्हास.

घाट बंद झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या वळवतात. एक वाट मनमाडहून दौंड, पुणे, कर्जतमार्गे कल्याणला, दुसरी जळगावहून सुरत, वसईमार्गे. नकाशावर दोन्हीकडे बोट फिरवून पाहावे. मुंबईला गाडी मिळते, भुसावळला मिळते, पहिल्या वाटेने मनमाडलाही मिळते. गळते ते नाशिक. ‘मार्ग बदलला’ ही घोषणा भुसावळच्या प्रवाशासाठी उशिराची असते, नाशिककरासाठी ती गाडी रद्द झाल्याचीच असते. शहराला मुंबईकडे जाणारा दुसरा लोहमार्ग नाही आणि पुण्याकडे थेट लोहमार्ग नाही. द्राक्षे, कांदा, कारखाने आणि कुंभमेळा असलेल्या शहराची रेल्वे एकाच धाग्यावर असावी, हे तसे नवलच.

मग लोक रस्त्याला लागतात. एरवीची सोय म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकातून टॅक्सी धरून कसारा गाठायचे आणि तिथून लोकल. पण लोकलच बंद असेल तर थेट कल्याण किंवा ठाण्यापर्यंत रस्त्याने जावे लागते, आणि महामार्गही त्याच डोंगरातून, त्याच पावसातून जातो. इगतपुरीला थांबवलेल्या गाडीतले चित्र ठरलेले : पहिला अर्धा तास कोणी उठत नाही, मग दारात गर्दी, मग वडापाव संपल्याची बातमी. ‘अनिश्चित काळासाठी’ हे शब्द ऐकू आले की बॅगा निघतात. पैशांचा नियम माहीत असलेला बरा. रेल्वेने गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. पासधारकाला यातले काहीच लागू नाही. त्याचा दिवस गेला तो गेला.

चक्रीवादळांचा मार नाशिकला आडून बसतो. अरबी समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर, मध्ये सह्याद्री. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून नाशिकच्या दिशेने सरकत क्षीण झाले. मुंबईहून सुटणाऱ्या काही विशेष गाड्यांच्या वेळा त्या दिवशी बदलाव्या लागल्या. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की हावड्याच्या गाड्या रद्द होतात आणि त्याची झळ नाशिकरोडच्या आरक्षण खिडकीपर्यंत येते. तिकडे उभ्या गाड्या वाऱ्याने घरंगळू नयेत म्हणून चाके साखळदंडाने रुळाला बांधतात. ही खबरदारी अनाठायी नाही : डिसेंबर १९६४ मध्ये पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर समुद्राच्या लाटेने प्रवाशांसह गिळली. अमेरिकेत अशा वादळांना हरिकेन म्हणतात. तिथे २०१२ च्या सँडीने न्यूयॉर्कच्या नदीखालच्या रेल्वे बोगद्यांत खारे पाणी भरले आणि क्षार यंत्रणा नंतरही कुरतडत राहिला. २००५ च्या कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्स ते मोबील ही प्रवासी सेवा बंद पडली, ती पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. वादळाचे एक बरे असते, ते चार दिवस आधी कळते आणि गाड्या आदल्या दिवशीच रद्द करता येतात. दरड सांगून येत नाही.

घाट उघडला की लगेच सगळे सुरळीत होत नाही. मार्ग तपासून पहिल्या गाड्या अगदी कमी वेगाने सोडतात, चालकाच्या हाती कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी ठेवण्याची लेखी सूचना, देऊन. मागे अडकलेल्यांची रांग सुटायला आणखी वेळ जातो. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी मनमाडहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परत फिरते. ती एका बाजूला अडकली तर दुसऱ्या सकाळी मनमाडला डबेच नसतात. लख्ख ऊन पडलेले असते, घाट मोकळा असतो, आणि नाशिकरोडच्या फलाटावर पंचवटी रद्द झाल्याची घोषणा होते.