सोलरचं गरम पाणी येईपर्यंत बादलीत किती गार पाणी जातं?

सकाळी सोलरचा नळ सोडला की आधी गारच पाणी येतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर कढत असतं. मग हे गार पाणी कुठलं? रात्रभर पाइपात थांबून निवलेलं. ते किती असतं, हे घरबसल्या काढता येतं.

प्लंबरने टाकून दिलेला पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपचा) तुकडा मी उचलून ठेवला होता. तोंडावर पट्टी धरली तर आतला व्यास भरला १८ मिलिमीटर, म्हणजे १.८ सेंटिमीटर. माप नेहमी आतलंच घ्यायचं, कारण पाणी आत राहतं. ‘पाऊण इंची’ हे फक्त नाव.

१.८ गुणिले १.८ म्हणजे ३.२४. हा झाला चौकोन. चौकोनी डब्यात चारही कडांना टेकणारी पोळी ठेवली, तर कोपरे रिकामे राहतात आणि पोळी साधारण ७८.५ टक्के जागा व्यापते. म्हणून ३.२४ ला ०.७८५ ने गुणायचं. पाइपचं तोंड आलं सुमारे २.५४ चौरस सेंटिमीटर. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, तेव्हा मीटरभर पाइपात २५४ घन सेंटिमीटर पाणी. हजार घन सेंटिमीटरचा एक लिटर, म्हणजे मीटरमागे पाव लिटर! गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत २० मीटर पाइप असेल तर पाच लिटर.

आता हाच पाइप एक इंची घेतला, आतून २३ मिलिमीटरचा, तर? व्यास वाढला पाचच मिलिमीटरने, पण पाणी होतं ८.३ लिटर. लांबी दुप्पट केली तर पाणी दुप्पट होतं, व्यास दुप्पट केला तर चौपट. घर बांधताना ‘जरा जाड पाइप टाका’ म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं, असं मला फार वाटतं.

प्रत्यक्षात मात्र बादलीत पाच लिटरपेक्षा थोडं जास्तच गार पाणी जमतं. पुढे सरकणाऱ्या गरम पाण्यातली उष्णता पाइपच्या गार भिंती ओढून घेतात, आणि गार-गरम पाणी मध्ये थोडं मिसळतंही. पाइपवर फोमचं वेष्टण असेल तर पाणी निवायला वेळ लागतो. त्यामुळे लागोपाठ आंघोळी उरकल्या तर दुसऱ्याला जवळजवळ लगेच गरम पाणी मिळतं, पण रात्रभरात ते वेष्टणातही निवतंच.

मग अर्धा इंचीच का टाकू नये? बारीक पाइपात घर्षण वाढतं. वरच्या मजल्याला टाकीची उंची कमी, म्हणून दाबही कमी, तिथे धार अगदीच बारीक होते. खालच्या मजल्यावर दाब भरपूर असतो, तिथे अर्धा इंची चालून जातो.