कॉल मॅनेजरचं अपग्रेड आणि स्नॅपशॉटचा जुना वाद

सिस्कोचा कॉल मॅनेजर, म्हणजे कार्यालयातले फोन चालवणारं सॉफ्टवेअर, नव्या आवृत्तीवर न्यायचं ठरलं की सर्व्हर टीमकडून पहिला प्रश्न येतो, "आधी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवू ना?" स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, बिघडलं तर परतायला. फोनवाला नाही म्हणतो आणि दोघांची जुंपते. या भांडणाचं मूळ समजायचं तर हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, शिरण्याआधी कुठे राहत होतं, ते पाहावं लागतं.

विंडोजचा काळ चटकन उरकतो. तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेतल्या आवृत्त्या विंडोज २००० वर चालायच्या, खाली मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. त्यामुळे २००१ मध्ये कोड रेड आणि २००३ मध्ये स्लॅमर हे वर्म पसरले, तेव्हा फोनचा सर्व्हरही तडाख्यात सापडला. २००६ मध्ये ५.० लिनक्सवर आली. डेटाबेस इन्फॉर्मिक्स, आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, प्रवेश ग्राहकाला बंद. विंडोजवाल्या माणसाला मोजक्या कमांडपुरती एक काळी खिडकी उरली.

आज आपण जी पद्धत वापरतो, ती इथली. डिस्कवर सॉफ्टवेअरसाठी दोन पार्टिशन, म्हणजे दोन भाग: एक अ‍ॅक्टिव्ह, एक इनअ‍ॅक्टिव्ह. कॉल चालू असतानाच नवी आवृत्ती निष्क्रिय भागात चढते, मग रात्री 'स्विच व्हर्जन' दिलं की मशीन रीबूट होऊन नव्या बाजूने उठतं. बिघडलं तर पुन्हा स्विच करून जुन्या बाजूला यायचं. हाताशी एकच भौतिक सर्व्हर असणाऱ्यासाठी ही फार शहाणपणाची रचना होती. तिची खोट तिसऱ्या भागात, कॉमन पार्टिशनमध्ये आहे. लॉग साचून ते भरतं आणि अपग्रेड जागेअभावी अडतं. मग जागा मोकळी करणारी सीओपी फाइल (सिस्कोने दिलेलं छोटं दुरुस्तीचं पॅकेज) चालवतात, पण ती चालवली की निष्क्रिय बाजूकडे परतता येत नाही. ऐन उडी मारताना खालची जाळी काढून घेतल्यासारखं हे आहे.

८.६ पासून एक फसवं नाव रूढ झालं, 'रिफ्रेश अपग्रेड'. नावावरून हलकंफुलकं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात खालची लिनक्सच बदलते, म्हणून हाच सगळ्यांत जड प्रकार.

मधल्या काळातली एक गोष्ट खास आपल्याकडची. इंटरनेट प्रोटोकॉलवरून आलेला कॉल सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडून एसटीडीचे पैसे वाचवणं, म्हणजे टोल बायपास, भारतात निषिद्ध. म्हणून कित्येक कार्यालयांत एकाच टेबलावर दोन फोन असत: एक कंपनीच्या अंतर्गत जाळ्याचा, दुसरा बाहेरच्या लाइनचा. ७.१ मध्ये 'लॉजिकल पार्टिशनिंग' आलं आणि फोन कुठल्या ठिकाणी आहे, कॉल कुठल्या गेटवेतून (बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्रातून) जातोय, हे पाहून सर्व्हरच कॉल अडवू लागला. दोनाचा एक फोन करायला म्हणून आपल्याकडे अपग्रेड झाली. २०२० च्या नोव्हेंबरात आणि मग २०२१ च्या जूनमध्ये कॉल सेंटरसाठीचे नियम बरेच सैल झाले, बायपास मात्र अजूनही चालत नाही. ती सेटिंग्ज प्रत्येक अपग्रेडबरोबर पुढे येतात. म्हणून आपल्याकडच्या चाचणीत लागायला हवेत ते कॉल लावून भागत नाही, लागायला नको तो कॉल खरंच लागत नाही ना, हेही पाहावं लागतं.

व्हर्च्युअल मशीनला अधिकृत परवानगी २०१० मध्ये ८.० पासून मिळाली. २०१३ च्या १०.० ने थेट सर्व्हरवर बसवणं बंदच केलं. पण व्हर्च्युअल झालं म्हणून ते इतर मशीनसारखं वागवायचं नव्हतं. सिस्कोने ठरवून दिलेला ओव्हीए साचा (तयार व्हर्च्युअल मशीनची फाइल) वापरायचा, प्रोसेसरचे कोर दुसऱ्या मशीनशी वाटून घ्यायचे नाहीत. लायसन्सचीही गंमत होती. पूर्वी ते नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकाला, बांधलेलं असे. व्हर्च्युअलमध्ये खरं कार्डच नाही, म्हणून होस्टनेम, आयपी, टाइम झोन, डीएनएस वगैरेंच्या मिश्रणातून एक खोटा 'लायसन्स मॅक' काढला जाई. डीएनएस सर्व्हर बदलला तरी लायसन्स नव्याने करून घ्या! ९.० ने ही पद्धत मोडीत काढली.

याच नियमावलीत स्नॅपशॉटला मनाई आली. उत्पादकाची बाजू अशी: स्नॅपशॉट घेतला की लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये होऊ लागतं, डिस्क मंदावते, आणि तो काढताना मशीन क्षणभर गोठतं. आवाजाची पाकिटं साधारण दर २० मिलिसेकंदांनी जातात, त्यांना असं गोठणं परवडत नाही. सर्व्हर टीमचं उत्तरही बिनतोड आहे. दोन फोन बोलतात तेव्हा आवाज थेट एकमेकांकडे जातो, कॉल मॅनेजरमधून जातच नाही. त्यातून जातं ते सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश, आणि रात्री दोन वाजता कोण बोलतंय? होल्डवरचं संगीत आणि सर्व्हरवरची कॉन्फरन्स यांचा आवाज मात्र तिथूनच निघतो, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

माझ्या मते आवाजाचा मुद्दा पुढे करून कंपनीने आपली बाजू विनाकारण कमकुवत केली. खरी अडचण डेटाबेसची आहे. कॉल मॅनेजर सहसा अनेक सर्व्हरवर (नोडवर) मिळून चालतो, आणि त्यांतला मुख्य पब्लिशर आणि बाकीचे सबस्क्रायबर डेटाबेसची प्रत सतत जुळती राखत असतात. एकट्या पब्लिशरला कालच्या स्नॅपशॉटवर नेलं तर तो कालचं बोलतो, बाकीचे आजचं. ही जुळणी, म्हणजे रेप्लिकेशन, मोडते आणि ते दुरुस्त करण्यात उजाडतं. सगळे नोड एकाच वेळी मागे न्यायला हवेत, आणि घाईत नेमका एक राहून जातो. शिवाय 'उद्या काढू' म्हणून विसरलेला स्नॅपशॉट डेटास्टोअर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या फाइली ठेवायची जागा, भरेपर्यंत वाढत राहतो. तरीही सरसकट नकार मला अतिरेकी वाटतो. मशीन पूर्ण बंद करून क्लोन, म्हणजे अख्खी नक्कल, घ्यायला नियमांची हरकत नाही, आणि जाणते लोक तेच करतात: सगळे नोड बंद, सगळ्यांचे क्लोन, मग अपग्रेड. त्यासाठी फोन बंद ठेवण्याची वेळ मागून घ्यावी लागते, आणि व्यवस्थापनाला "कॉल चालू असतानाच अपग्रेड होतं" हे वाक्य पाठ झालेलं असतं.

अलीकडे घाई वेगळ्याच दिशेने येते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.५ आणि ६.७ चा सर्वसाधारण आधार १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला, ७.० चा २ ऑक्टोबर २०२५ ला. मध्ये, २०२३ च्या नोव्हेंबरात, व्हीएमवेअरची मालकी बदलली आणि महिनाभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. कॉल मॅनेजरच्या आवृत्ती १५ ला ईएसएक्सआय ६.७ चालत नाही, आणि फार जुन्या कॉल मॅनेजरला नवा ईएसएक्सआय चालत नाही. दोन्हींना चालेल अशी जोडी शोधायची, ती न जमल्यास मधल्या एखाद्या आवृत्तीवर थांबा घ्यायचा. त्या थांब्यावर एकही नवी सोय कुणी मागितलेली नसते, रात्र मात्र अख्खी जाते.